मागचं चाक धरून राहिलं तर: जाम ब्रेकचं मूळ कसं शोधायचं आणि तो कसा सोडवायचा

गाडी न्यूट्रलमध्ये सोडली तरी उतारावर सरकत नाही. नाल्यावरचा जो चढ नेहमी दुसऱ्या गिअरमध्ये निघायचा, तिथे आता पहिला टाकावा लागतो. तालुक्याहून येऊन गाडीतून उतरलं की मागच्या एका चाकाजवळ जळका, नाकात जाणारा वास येतो. आमच्या विदर्भात गॅरेजवर येणारा माणूस हे सगळं एका वाक्यात सांगतो: "भाऊ, मागचं चाक धरून राहिलं." म्हणजे पेडलवरचा पाय काढला, हँडब्रेक खाली केला, तरी ब्रेक चाकाला सोडत नाही.

हे दुखणं अंगावर काढण्यासारखं नाही. ड्रम (चाकाबरोबर फिरणारा ब्रेकचा बिडाचा डबा) सतत घासून तापला की बेअरिंगमधलं ग्रीस पातळ होऊन बाहेर येतं, लायनर (ड्रमला घासणारा थर) जळतं, आणि ब्रेक ऑइल उकळण्यापर्यंत वेळ येते. डॉट ३ प्रतीचं ताजं ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत आणि डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत टिकायला हवं असतं. पण हे ऑइल हवेतली ओल शोषतं, आणि ओल शोषलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा डॉट ३ला १४० आणि डॉट ४ला १५५ अंश आहे. पाइपात वाफ झाली की पेडल दाबल्यावर नुसती वाफ दबते, चारही चाकांपैकी ज्यांच्या वाट्याला ती लाइन आहे त्यांचा ब्रेक जातो. शिवाय असा तापलेला ड्रम घेऊन गाडी कुटाराच्या ढिगाजवळ किंवा वाळल्या गवतावर उभी करणं म्हणजे आगीला आमंत्रण. मागे कापूस भरलेला असेल तर बोलायलाच नको.

बहुतेक ठिकाणी अशा गाडीचा ड्रम आधी खोलला जातो, शू (लायनर बसवलेल्या, आतून ड्रमला दाबणाऱ्या कमानी) बदलले जातात, आणि काही दिवसांत चाक परत धरतं. कारण शू मुळात दोषी नव्हतेच. चाक धरून ठेवणारी ताकद तीनच ठिकाणांहून येऊ शकते: हँडब्रेकची केबल ओढलेली राहिली, ब्रेक ऑइलचा दाब पाइपात अडकून राहिला, किंवा ड्रमच्या आत काहीतरी यांत्रिक अडकलं. यातलं कोणतं, हे ड्रमला हात लावण्याआधी कळतं. त्यासाठी लागतो एक जॅक, घोडी (उचललेली गाडी टेकवायचा लोखंडी स्टँड), दोन-तीन पाने आणि तासभर वेळ. ते कळल्याशिवाय एकही पार्ट विकत घेऊ नका.

आपल्याकडे हे इतकं का होतं

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना, जीप-पिकअपना मागे ड्रम ब्रेक असतात. ड्रम आणि त्यामागची बॅक प्लेट यांच्यात बारीक फट असते. पावसाळ्यात पांदण रस्त्याने शेतात गेलं की काळ्या मातीचा चिखल त्या फटीपर्यंत चढतो. ही माती ओली असताना फुगते आणि चिकटते, वाळली की दगड होते. अॅडजस्टर (शू ड्रमच्या किती जवळ राहतील ते ठरवणारा भाग), हँडब्रेकचा आतला लिव्हर, शू टेकतात त्या जागा, सगळीकडे ती जाऊन बसते.

दुसरं कारण पाण्याचं. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतल्या पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात विहिरी-बोअरचं पाणी खारट आहे. त्या पाण्याने गाडी खालून धुतली आणि तशीच उभी ठेवली तर केबल, निप्पल (चाकापाशी ब्रेक ऑइल आणि हवा काढायचा स्क्रू), स्प्रिंग यांना गंज फार लवकर धरतो. त्या भागातल्यांनी निदान शेवटचा हात तरी नळाच्या गोड्या पाण्याने फिरवावा.

तिसरं कारण उभं राहण्याचं. खेड्यातली गाडी बाजाराच्या दिवशी, दवाखान्यासाठी आणि लग्नसराईत चालते, एरवी हँडब्रेक ओढून गोठ्याशेजारी उभी असते. वापरात असलेली केबल सहसा जाम होत नाही. ओढलेल्या अवस्थेत महिनाभर पावसाची ओल खाल्लेली केबल हमखास होते.

आधी खात्री करा की हा ब्रेकच आहे

पाच-सात किलोमीटर गाडी चालवा, शक्य तितका कमी ब्रेक मारत. शेवटी गाडी ब्रेकशिवाय, आपोआप मंदावून थांबू द्या. आता चारही चाकांजवळ तळहात नेऊन उष्णता बघा. हात टेकवायचा नाही, भाजेल. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट जास्त तापलेलं असेल तर ते धरतंय. शंका असेल तर ड्रमवर बोटाने दोन थेंब पाणी उडवा. चर्र आवाज येऊन थेंब उडून गेले तर ड्रम शंभर अंशांच्या वर आहे. पण बादलीभर पाणी ओतून ड्रम थंड करायला जाऊ नका. ड्रम बिडाचा असतो, एकदम थंड झाला तर वाकतो किंवा तडकतो.

खराब बेअरिंगही चाक तापवतं, म्हणून ते बाजूला काढायला हवं. बेअरिंगची उष्णता मधल्या हबपाशी जास्त असते, आणि वेग वाढला तसा घूं-घूं आवाज वाढतो. चाक उचलल्यावर ते वरून आणि खालून धरून हलवा. खडखड जाणवली तर संशय बेअरिंगवर घ्या.

मग कोणकोणती चाकं तापतात ते लिहून ठेवा, कारण त्यावरून अर्धं निदान होतं. मागचं एकच चाक असेल तर दोष त्या चाकापाशी: त्याची केबल, त्याचा पाइप किंवा त्याचा ड्रम. मागची दोन्ही चाकं धरत असतील तर हँडब्रेक गरजेपेक्षा जास्त ओढून बसवलाय का ते आधी पाहा. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बऱ्याच गाड्यांत ब्रेकच्या दोन लाइन तिरप्या असतात, म्हणजे मागचं उजवं आणि पुढचं डावं एका लाइनवर. अशी तिरपी जोडी तापली किंवा चारही चाकं धरू लागली, तर मागच्या ड्रममध्ये शोधत बसण्यात अर्थ नाही. दोष मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने पाइपांत ऑइल ढकलणारा भाग) किंवा पेडलकडे आहे.

पेडलची तपासणी फुकट असते. पाय न लावता मागचे ब्रेक लाइट लागलेले दिसतात का, हे कुणाला तरी मागे उभं करून विचारा. पेडलखाली चटई अडकलेली असते, कधी ब्रेक लाइटचा स्विच जास्त आत बसवल्यामुळे पेडल पूर्ण वर येत नाही. पेडलला वरच्या बाजूला काही मिलिमीटर मोकळा खेळ असायलाच हवा. तो नसेल तर मास्टर सिलिंडरमधलं परतीचं बारीक भोक उघडत नाही आणि ऑइल टाकीत परत जाऊ शकत नाही. मे महिन्यात याची खूण ठळक दिसते: सकाळी गाडी मोकळी, दुपारी दहा-पंधरा किलोमीटर गेलं की ब्रेक स्वतःहून धरतात, सावलीत तासभर उभी केली की पुन्हा मोकळी. ऑइल तापून फुगतं आणि त्याला जायला वाट नसते.

गाडी उचलणं

शेतात किंवा अंगणातल्या मातीवर जॅक लावायचा नाही. काळी माती वरून घट्ट दिसली तरी वजनाखाली जॅक एका बाजूला खचतो. सिमेंटचा ओटा, डांबरी रस्त्याची सपाट कड किंवा देवळापुढची फरशी शोधा. तेही नसेल तर जॅकखाली जाड सागवानी फळी घ्या. पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा, कारण तपासणीसाठी हँडब्रेक खाली असणार. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा ढिले करा. गाडी उचलली की ठरलेल्या जागी घोडी लावून वजन घोडीवर द्या. नुसत्या जॅकवर गाडीखाली डोकं घालायचं नाही, दोन मिनिटांसाठीसुद्धा नाही. विटांचा ढीग ही घोडी नव्हे, वीट सूचना न देता फुटते.

पुढची चाकं ओढणारी गाडी असेल तर ती पहिल्या गिअरमध्ये ठेवा, तेवढाच आधार. पण बोलेरो, इको, ओम्नी, टाटा एससारख्या मागची चाकं ओढणाऱ्या गाड्यांत गिअर टाकला तर मागचं चाक फिरणारच नाही आणि तुम्ही ब्रेकला दोष देत बसाल. त्या न्यूट्रलमध्ये हव्यात, आणि दगड आणखी भक्कम हवेत. या गाड्यांत डिफरन्शिअलमुळे चाक थोडं जड फिरतं, ते साहजिक आहे. शक्य असेल तर मागची दोन्ही चाकं उचलून एकमेकांशी तुलना करा.

निदान: केबल, दाब की ड्रम

चाक हाताने फिरवून बघा. शू ड्रमला हलके घासल्याचा खर्र आवाज चालतो. दोन हातांनी जोर लावावा लागला तर चाक जाम आहे.

चाक आत्ता मोकळं असेल तर आधी ते जाम करून घ्यावं लागेल, आणि कशाने जाम होतं तेच आपलं उत्तर. आत बसलेल्याला सांगा: पेडल जोरात दाब, सोड. चाक फिरवा. मोकळं असेल तर आता फक्त हँडब्रेक पूर्ण ओढ, सोड. पुन्हा फिरवा. हँडब्रेकनंतरच धरलं तर केबल किंवा तिच्या टोकाचा लिव्हर. पेडलनंतर धरलं तर ऑइलची बाजू किंवा शू. तापल्यावरच धरणारी गाडी असेल तर ही परीक्षा चालवून आल्याआल्या, चाक धरलेलं असतानाच करायला हवी. थंड झाल्यावर काहीच सापडत नाही.

आता चाक जाम आहे. पहिलं काम, हँडब्रेकची केबल पूर्ण ढिली करा. तिचा नट बहुतेक गाड्यांत हँडब्रेकच्या दांड्याशी कव्हरखाली असतो, काहींत गाडीखाली जिथे एका केबलच्या दोन होतात तिथे. किती आटे दिसत होते ते मोजून ठेवा. ढिली केल्यावर चाक सुटलं तर केबल जास्त ओढलेली होती. सुटलं नाही तर केबल निर्दोष आहे असं समजू नका, ती आतल्या आत गंजून ओढलेल्या अवस्थेतच अडकली असू शकते. गाडीखालून केबल हाताने धरून मागेपुढे करा. आतली तार सरकायला हवी आणि सोडली की स्प्रिंगने परतायला हवी.

दुसरं काम, दाब. बॅक प्लेटच्या मागे रबरी टोपीखाली निप्पल असतं. त्यावर पारदर्शक नळी चढवा, तिचं दुसरं टोक बाटलीत सोडा, आणि निप्पल रिंग पान्याने पाव फेरा उघडा. गंजलेलं निप्पल चपट्या पान्याने गोल होतं किंवा तुटतं, म्हणून आदल्या रात्री त्याच्या आट्यांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. उघडताच ऑइलची चिळकांडी आली आणि चाक मोकळं झालं, तर दाब पाइपात अडकला होता. ऑइल नुसतं ठिबकलं आणि चाक तसंच राहिलं, तर दाब नाही. निप्पल लगेच बंद करा.

केबल ढिली, दाब सोडलेला, तरीही चाक धरलेलं: आता दोष ड्रमच्या आत आहे. आता ड्रम खोला.

केबल निघाली तर

जाम केबलमध्ये तेल सोडून ती चालती करता येते, आणि वाटेत अडकलात तर कराही. पण गंजलेल्या तारेला तेलाचा गुण एखाद-दोन पावसांपुरताच असतो. बाहेरच्या आवरणाला चीर पडली असेल, उंदराने कुरतडलं असेल, तर पाणी तिथून आत जातच राहणार. केबल बदला. नवी केबल जुनीच्याच वाटेने न्या, सगळ्या क्लिपा परत लावा, सायलेन्सरपासून लांब ठेवा.

केबल बदलण्याआधी एक गोष्ट मात्र बघा. ड्रमच्या आत शूला एक लिव्हर असतो, केबल त्याला ओढते. त्याची पिन गंजली तर केबल नवी टाकूनही चाक धरतं. केबल सोडवल्यावर तो लिव्हर बोटाने पुढे-मागे व्हायला हवा.

दाब अडकला असेल तर

संशय दोघांवर: चाकाजवळचा रबरी पाइप आणि पुढचा मास्टर सिलिंडर. रबरी पाइप बाहेरून धडधाकट दिसतो, पण आतला थर सुटून विहिरीवरच्या पंपाच्या फूटव्हॉल्व्हसारखा वागतो. पेडलच्या जोराने ऑइल चाकाकडे जातं, परतीच्या दुबळ्या दाबाला ते येऊ देत नाही. दोघांतला कोण हे ओळखायला पेडल दाबून चाक पुन्हा जाम करा, आणि या वेळी निप्पल न उघडता रबरी पाइपच्या आधीचा, म्हणजे मास्टर सिलिंडरकडचा जोड थोडा ढिला करा. चाक सुटलं तर अडथळा मास्टर सिलिंडरकडे आहे. नाही सुटलं, पण नंतर निप्पल उघडल्यावर सुटलं, तर रबरी पाइप बदला, आणि दुसऱ्या बाजूचाही बदला. दोघांचं वय सारखंच असतं. काही गाड्यांत मागच्या अॅक्सलजवळ वजनाप्रमाणे दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो. मागची दोन्ही चाकं दाबाने धरत असतील तर त्याचा लिव्हर गंजलाय का तेही पाहा.

मास्टर सिलिंडरवर बोट ठेवण्याआधी पेडलचा मोकळा खेळ पुन्हा तपासा. बरेचदा तेवढ्यानेच भागतं.

टाकीचं झाकण उघडून आतल्या रबराकडेही नजर टाका. ते फुगून वेडंवाकडं झालं असेल तर कुणीतरी ब्रेक ऑइलऐवजी इंजिन ऑइल, पॉवर स्टिअरिंगचं ऑइल किंवा रॉकेल टाकलंय. खनिज तेलाने ब्रेकचं रबर फुगतं. मग मास्टर सिलिंडरपासून चाकांपर्यंतचं सगळं रबर बदलणं आणि पाइप धुणं याला पर्याय उरत नाही. खर्चिक आहे, पण अर्धवट केलेली दुरुस्ती इथे जीव घेते.

एक पद्धत मी स्पष्ट शब्दांत नाकारतो. चाक धरतंय म्हणून त्याचा पाइप ठोकून चपटा करणं किंवा बोल्ट घालून बंद करणं आणि "बाकी तीन चाकांवर चालते" म्हणून गाडी हाती देणं. ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला की अशी गाडी आडवी होते.

ड्रम खोलणं आणि आतली पाहणी

तोंडाला रुमाल नाही, मास्क बांधा. लायनरची धूळ फुफ्फुसाला वाईट, जुन्या लायनरमध्ये तर अॅस्बेस्टॉसही असायचं. हवेचा फवारा मारून धूळ उडवू नका, साबणाच्या पाण्याने ओली करून पुसा.

ड्रम दोन प्रकारचे. काही गाड्यांत तो हबवर नुसता बसवलेला असतो. त्यावर आटे असलेली दोन भोकं दिसतील तर योग्य मापाचे दोन बोल्ट आळीपाळीने आवळत गेलं की ड्रम सरळ बाहेर येतो. दुसऱ्या प्रकारात, उदाहरणार्थ मारुतीच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत, ड्रम आणि हब एकच असतात. तिथे मधली टोपी काढून मोठा नट खोलावा लागतो. हा नट पुन्हा लावताना किती आवळायचा ते गाडीच्या सर्व्हिस पुस्तकात दिलेलं असतं आणि ते टॉर्क पान्यानेच करायचं. तो पाना नसेल तर हे काम गॅरेजकडे द्या, कारण या नटावर चाक टिकून असतं.

ड्रम निघत नसेल तर त्याच्या कडेला लोखंडी घण घालू नका, बीड तुटतं. शू आतून ड्रमच्या झिजेच्या कडेत अडकलेले असतात. बॅक प्लेटला रबरी बुच लावलेलं भोक असेल तर त्यातून स्क्रू ड्रायव्हरने अॅडजस्टर मागे घ्या, मग लाकडी हातोडीने ड्रमच्या तोंडावर गोल फिरत हलके ठोके द्या.

ड्रम निघाला की कशालाही हात लावण्याआधी मोबाइलने चारही बाजूंनी फोटो काढा. एका वेळी एकच बाजू खोला, म्हणजे दुसरी नमुना म्हणून शाबूत राहील. डाव्या-उजव्या बाजूचे अॅडजस्टर दिसायला सारखे असले तरी बहुधा अदलाबदल चालत नाही. आणि ड्रम बाहेर असताना कुणीही पेडल दाबणार नाही याची काळजी घ्या, व्हील सिलिंडरचे (ऑइलच्या दाबाने शू बाहेर ढकलणाऱ्या नळीचे) पिस्टन उडून बाहेर येतात.

आता शांतपणे बघा. व्हील सिलिंडरच्या दोन्ही टोकांची रबरी टोपी उचला. आत ओल दिसली तर सिलिंडर गळतो. एक शू अंगठ्यांनी सिलिंडरच्या दिशेने दाबा. पिस्टन आत जाऊन समोरचा बाहेर सरकायला हवा आणि उलटही. सरकत नसेल तर तो गंजून अडकलाय, आणि पाय काढल्यावर शू परत न येण्याचं हे अगदी नेहमीचं कारण. रबराचं किट स्वस्त मिळतं, पण सिलिंडरच्या आत नख अडकेल असे खड्डे असतील तर किट टाकून उपयोग नाही. अख्खा सिलिंडर बदला. खेड्यातल्या गाडीत मी नेहमी अख्खा सिलिंडरच सुचवेन, कारण दोन महिन्यांनी पुन्हा तालुक्याला जाण्याचा खर्च त्या फरकाहून मोठा असतो.

मग स्प्रिंग. तापून निळसर पडलेली किंवा मोकळी असतानाही वेटोळ्यांत फट दिसणारी स्प्रिंग थकलेली आहे. ती बदलायला फार पैसे पडत नाहीत.

बॅक प्लेटवर शूची कड जिथे टेकून सरकते अशा उंच जागा असतात, साधारण प्रत्येक शूखाली तीन. त्यांच्याकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. शू सरकून सरकून तिथे खाच पडते, खाचेत काळी माती आणि गंज बसतो, आणि शू तिथे अडकतो. पिस्टन चांगला, स्प्रिंग चांगली, केबल चांगली, तरी चाक धरतं तेव्हा उत्तर इथे सापडतं. हलकी खाच कानशीने सपाट करा, पॉलिश पेपर मारा, आणि जास्त उष्णता सोसणारं ब्रेकचं ग्रीस बोटाच्या टोकाइतकं लावा. साधं ग्रीस पातळ होऊन लायनरवर उतरतं. खोल खाच असेल तर प्लेटच बदलावी लागते.

अॅडजस्टर खोलून साफ करा, त्याचे आटे हाताने फिरायला हवेत. लायनर शूपासून सुटलंय का पाहा. जाडी धातूच्या पट्टीवर १ मिलिमीटर उरली की ते संपलं, मी २ मिलिमीटरलाच बदला म्हणेन. ब्रेक ऑइल किंवा अॅक्सलच्या सीलमधून आलेलं गिअर ऑइल प्यालेलं लायनर पेट्रोलने धुऊन किंवा जाळून वापरात आणू नका. आधी गळती बंद करा, मग शू बदला, आणि दोन्ही चाकांचे एकदम बदला. एका बाजूला नवे आणि एका बाजूला जुने असले तर गाडी ब्रेक मारताना ओढते. ड्रमवर त्याचा कमाल व्यास कोरलेला असतो. लेथवर साफ करून तो त्या मापाच्या पलीकडे जाणार असेल तर नवा ड्रम घ्या.

जोडणी

फोटो समोर ठेवून जोडा. लायनरला ग्रीसचा हात लागू देऊ नका, लागलाच तर ब्रेक क्लीनरने पुसा. २०१९नंतरच्या बहुतेक गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आहे, त्यांच्या मागच्या चाकाजवळची सेन्सरची वायर ओढली जाणार नाही असं बघा.

इथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी शू, शेवटी केबल. केबल ढिलीच ठेवून अॅडजस्टर असा लावा की ड्रम हलका घासत बसेल. मग पेडल बऱ्याच वेळा दाबा, म्हणजे शू मध्यभागी येतील. त्यानंतर हँडब्रेकची केबल ताणा. उलटा क्रम केला, शू झिजलेले असताना केबल ओढूनच हँडब्रेक "टाइट" केला, तर आतला लिव्हर कधीच पूर्ण मागे येत नाही, आपोआप चालणारा अॅडजस्टर काम सोडतो आणि काही दिवसांत चाक पुन्हा धरतं. कितव्या दात्यावर हँडब्रेक लागायला हवा हे गाडीच्या पुस्तकात असतं. दांडा पूर्ण खाली असताना मागची दोन्ही चाकं मोकळी फिरणं ही खरी परीक्षा.

पाइप किंवा सिलिंडर खोलला असेल तर हवा काढावी लागेल. टाकी नव्या, सीलबंद डब्यातल्या ऑइलने भरा, टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रतीच्याच. मग दोघांचं काम: आतला पेडल दाबून धरतो, बाहेरचा निप्पल उघडतो, बुडबुडे येतात, निप्पल बंद करतो, मगच आतला पाय सोडतो. बंद करण्याआधी पाय सुटला तर हवा परत आत जाते. बुडबुडे थांबेपर्यंत चालू ठेवा आणि मधून मधून टाकी भरत राहा, ती रिकामी झाली तर पहिल्यापासून सुरुवात. एबीएसच्या युनिटमध्ये हवा शिरली तर काही गाड्यांत ती स्कॅनर लावूनच निघते. ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग उडतो.

पहिली चाचणी जागेवरच: पेडल घट्ट आणि वर असलं पाहिजे, एक मिनिट दाबून धरलं तरी खाली जाता कामा नये. मग मोकळ्या रस्त्यावर हळू चालवून ब्रेक मारा. पाच-सात किलोमीटर फिरून आल्यावर पुन्हा तळहाताची परीक्षा करा, दोन्ही मागची चाकं सारखी असायला हवीत. चाकाचे नट दुसऱ्या दिवशी परत आवळा, आणि सिलिंडरभोवती ओल दिसते का तेही त्याच वेळी बघा.

ज्यांच्या गाडीला मागेही डिस्क आहे त्यांनी केबल आणि पाइपची परीक्षा अशीच करावी. मात्र कॅलिपरमध्येच (डिस्कला चिमटीत धरणाऱ्या भागातच) हँडब्रेक असेल तर त्याचा पिस्टन बहुधा दाबून आत जात नाही, फिरवत न्यावा लागतो. जोर केला तर आतली यंत्रणा तुटते. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या गंजल्या तरी चाक धरतं, त्या आधी बघा.

वाटेत अडकलात तर

केबल दोषी वाटली तर तिचा नट ढिला करून, हँडब्रेकशिवाय, हळू गाडी आणता येते. दाब अडकला असेल तर निप्पल क्षणभर उघडून तो सोडा, घट्ट बंद करा, टाकीतलं ऑइल बघा. पेडल पहिल्यासारखं घट्ट नसेल तर गाडी तिथेच ठेवा आणि ओढून न्या.

पावसाळ्यात मात्र वेगळाच प्रकार होतो: रात्री धुऊन किंवा चिखलातून येऊन हँडब्रेक ओढून ठेवलेली गाडी सकाळी हलत नाही. लायनर गंजाने ड्रमला चिकटलेलं असतं. इंजिन रेज करून झटका देऊ नका, लायनर शूपासून सुटून निघतं. गाडी हलकेच पुढे, मग रिव्हर्समध्ये मागे, असं दोन-चार वेळा करा. नाहीच सुटली तर चाक काढून ड्रमवर लाकडी हातोडीने ठोके द्या. टक्क आवाज येऊन सुटते. म्हणून मृगापासून दिवाळीपर्यंत रात्री हँडब्रेक ओढू नये. सपाट जागी गिअर टाकून चाकाला दगड लावावा. पांदणीतून आल्यावर त्याच संध्याकाळी चाकांच्या आतल्या बाजूने कमी दाबाच्या पाण्याने माती सोडवावी, आणि गाडी उभी करण्याआधी गावातल्या गावात एक फेरी मारत हलके ब्रेक दाबून ड्रम कोरडे करावेत. दिवाळीनंतर, कापसाच्या फेऱ्या सुरू होण्याआधी, केबल, निप्पलच्या टोप्या आणि बॅक प्लेट एकदा खालून बघून घ्याव्यात. ऑइल दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर तेही त्याच वेळी बदलावं.